नवतप्यातली बाटली

ईशान्येला पाणी असावं, असं कुणीसं सांगितलं
म्हणून अवधूत बाड्यावरून दोन मासोळ्या घेऊन आले,
स्कूटरच्या हँडलला पिशवी लटकवून.
मी म्हटलं, ईशान्येला खिडकी आहे,
आणि खिडकीबाहेर शेजाऱ्यांच्या एसीचं तोंड.
ते म्हणाले, वास्तुशास्त्र तुझ्या खिडकीला विचारत नाही.

हे फेब्रुवारीतलं बोलणं.

मे महिन्यात दौलतगंजातल्या आमच्या गच्चीवरची टाकी
नळातून सरळ चहाचं आधण सोडते.
तिघऱ्याचं पाणी एक दिवसाआड.
बादल्या भरून मी रात्रभर उघड्या ठेवते,
औषधाचा वास उडू दे, ऊन उतरू दे.
काचेला चिकटवलेल्या पट्टीवर
अठ्ठावीसचा चौकोन विझतो, तिसाचा उजळतो,
जेवणं होईतो बत्तीस.

मासोळीला स्वतःचा ताप नसतो.
पाणी जितकं, तितकीच ती.
मुलींच्या कॉलेजात एकतीस वर्षं बीकर धुतले मी,
एवढं तर कळतं की
तापल्या पाण्यात हवा थांबत नाही.
म्हणून दुपारी दोघी वर येतात,
तोंड उघडतात, मिटतात, उघडतात.
अवधूत म्हणतात, बघ, भूक लागलीय,
आणि चिमूटभर दाणे टाकतात.
भूक नव्हे हो ती.

दोन वर्षं झाली, माझंही असंच.
भाजी निवडता निवडता
छातीतून एक जाळ उठतो, कानांपर्यंत जातो,
ब्लाउज पाठीला चिकटतो, आणि मग थंडी वाजते.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वय.
अवधूत म्हणाले, पंखा वाढवू?
पंखा पाचावरच होता.

फ्रीजरमध्ये अर्ध्या लिटरची बाटली असते, माशांसाठी.
ती मी आधी मानेला लावते.
मोजून शंभर आकडे.
मग बाहेरून पुसून अलगद पाण्यात सोडते.
एकदम गार करायचं नाही,
तासाला एक अंश, फार तर दीड.
उकाड्यानं मरत नाहीत
त्या घाईच्या गारव्यानं मरतात.
हे मी कुणालाही सांगायला तयार आहे,
पण घरात कुणी विचारत नाही.

नवतप्याचा सातवा दिवस.
रात्री दोनला वीज गेली.
पंख्यानं नाही, फिल्टरची गुणगुण थांबल्यानं जाग आली.
टॉर्च मारला. चौतीस.
एक तळाशी कलंडलेली, दुसरी काचेला तोंड लावून.
नळी तोंडानं ओढून मी अर्धं पाणी बादलीत काढलं,
एक घोट घशात गेला,
शेवाळ आणि लोखंड.
टाकी उचलली. नाही उचलली गेली.

दुसरी बाजू कुणीतरी धरली होती.
"कुठे?"
"मोरीच्या बोळात, माठाशेजारी."
"ती नैर्ऋत्य आहे."
"हो."
थोडा वेळ अंधार नुसताच.
"बरं, जपून. उंबरा आहे."

ओल्या फरशीवर टाकी ठेवली,
भोवती ओलं पोतं गुंडाळलं, माठाला गुंडाळतो तसं.
मी तांब्यानं पाणी उंचावरून सोडत राहिले,
थेंब फुटू दे, हवा मिसळू दे.
ते पुठ्ठ्यानं वारा घालत होते.
माशांना की मला, विचारलं नाही.

सकाळी ईशान्येला तांब्याचा गडू होता,
पाण्यानं भरलेला, वर एक जास्वंद.
वास्तुशास्त्राची सोय झाली.
बोळात सत्तावीस. कलंडलेली सरळ झाली होती,
शेपटी मात्र एका बाजूनं फाटली ती फाटलीच.

फ्रीजर उघडला तर बाटल्या दोन.
दुसरी लहान, गोळ्यांच्या औषधाची,
त्यांच्या जुन्या हातरुमालात गुंडाळून रबर लावलेलं.
"ही माशांची नाही," ते पेपरामागून म्हणाले.

थंडीचं वेगळं असतं.
जानेवारीत पाणी दहावर जातं, दाणे बंद करावे लागतात,
मासोळ्या मेल्यासारख्या तळाला बसतात, मेलेल्या नसतात.
तेव्हा यांना आधीच सांगून ठेवायला हवं.